कृष्णेंतील रामलिंग बेट

वाईच्या शेतकऱ्यास कृष्णेचें माहात्म्य सांगावयास नको. याच नदीच्या पात्रांत, खालीं सांगली जिल्ह्याच्या वाळवें तालुक्यांत, बाहे गांवाजवळ रामलिंग बेट आहे. कृष्णेचे दोन प्रवाह त्यास वेढून जातात. श्रीराम शिवपूजेस बसले असतां पूर आला व मारुतीनें बाहू पसरून पाणी दुभंगलें, अशी तेथील आख्यायिका. समर्थस्थापित अकरा मारुतींपैकीं एक येथेंच आहे. यात्रेकरूंखेरीज सहलीसही मंडळी जातात. अवश्य जावोत! सावलींत शिदोरी सोडावी, खंड्याची बुडी मुलांस दाखवावी, हें सुख शहरवासीयांचेंच आहे असें आम्ही मानीत नाहीं.

परंतु बेट टिकतें कशानें? पुराचा पहिला तडाखा त्याच्या वरच्या टोंकास बसतो. तेथील झाडोरा पाण्याचा वेग मोडतो व मुळ्या माती धरून ठेवतात. १७६२ सालीं रास्त्यांनीं वाईस ढोल्या गणपतीचें देऊळ बांधविलें, त्याची मागील भिंत पूर फांकावा म्हणूनच मत्स्याकृति केली. बेटाची तशी भिंत म्हणजे तेथील झाडें. तीं सरपणास तोडलीं, कोवळीं रोपें गुरांच्या तोंडीं दिलीं, भोंवतालची वाळू उपसली, तर २०१९ किंवा २०२१ सारखा महापूर बेटाची माती घेऊन जाईल. मग सहल कोठें आणि सावली कोठें?

म्हणून देवळाकडील बाजू लोकांस मोकळी असावी. वरचें टोंक व पाण्यालगतचा पट्टा मात्र राखीव असावा. तेथें पायवाट नको, उपाहारगृह नको, आणि ध्वनिवर्धक तर नकोच नको.

'राखीव' शब्द ऐकतांच शेतकरी बिचकतो, व तें अगदींच अकारण नाहीं. परंतु वन्यजीव संरक्षण कायद्यांत २००२ सालच्या दुरुस्तीनें निराळी सोय झाली आहे. सरकारी जमीन 'संवर्धन राखीव' करण्यापूर्वीं स्थानिक लोकांशीं विचारविनिमय करावा लागतो, आणि सल्लागार समितींत ग्रामपंचायतीचा प्रतिनिधि असतो. खासगी जमीन 'समाज राखीव' होते ती मालकानें आपण होऊन पुढें आल्यावरच. हुकूम येण्याची वाट न पाहतां काठच्या गांवांनींच ठराव करून मागणी करावी, हें आम्हांस अधिक शोभणारें वाटतें.

वाईपासून बाहेपर्यंतच्या काठच्या मालकांसही एक विनंति आहे. उसाची शेवटची सरी पाण्याच्या कडेस भिडविण्याचा हव्यास सोडावा, व तेवढ्या पट्ट्यांत येत्या पावसाळ्यांत वाळुंज आणि करंज लावावे.