लग्नाची यादी आणि लग्नाचा दाखला

लग्नघरी सगळ्याची यादी होते. आहेर, मानपान, भांडीकुंडी, रुखवत. त्या यादीत विवाह नोंदणीचा दाखला मात्र नसतो. "पत्रिका आहे, फोटो आहेत, अख्खं गाव जेवलंय, आणखी पुरावा कशाला?" असं आमच्या पुणतांब्यात मी पुष्कळदा ऐकते. गावाला पुरावा लागत नाही हो, पण दुबईच्या नाहीतर मस्कतच्या कचेरीला लागतो.

आपल्या मुली आता नवऱ्याबरोबर परदेशी जातात. तिथे बायको म्हणून राहायचं तर दाखल्यावर आपल्या सरकारची साक्ष लागते. १९६१ च्या हेग करारात त्यासाठी 'अपोस्टिल' हा एकच शिक्का ठरला. भारतात तो करार १४ जुलै २००५ पासून लागू आहे. ओमानला अपोस्टिल चालतं. दुबई, कतार मात्र करारात नाहीत. तिथे जायचं तर आपल्या परराष्ट्र मंत्रालयानंतर त्यांच्या वकिलातीचाही शिक्का घ्यावा लागतो.

गावच्या दाखल्यावर आधी राज्य सरकारची सही, मग परराष्ट्र मंत्रालयाची, असा हा क्रम. अपोस्टिलचं सरकारी शुल्क कागदामागे ५० रुपये, मंत्रालयाने नेमलेल्या केंद्राचा आकार वेगळा. कुणी मध्यस्थ हजारोंनी मागू लागला, तर कशाचे किती ते लिहून मागावं.

खरी मेख पुढेच आहे. हा शिक्का सही आणि मोहोर खरी असल्याचं सांगतो, आतला मजकूर बरोबर असल्याचं नाही. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं आणि विवाहाच्या दाखल्यावर तिसरंच स्पेलिंग असेल, तर ती चूकही शिक्क्यासकट परदेशी जाते. लग्नात नाव बदलतं ते बाईचंच, म्हणून अडतंही तिचंच.

आणि दाखला काही फक्त व्हिसासाठी नसतो. उद्या परक्या मुलखात नवऱ्याने हात झटकले, तर 'मी याची बायको' हे तिला कागदानेच सांगावं लागेल. महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा कायदा १९९८ चा आहे, सर्वोच्च न्यायालयानेही २००६ मध्ये नोंदणी सक्तीची करायला सांगितलं. तरी आपण 'बघू नंतर' म्हणतो.

तेव्हा हळद उतरायच्या आत दोघांनी नोंदणी उरकावी. दाखला हातात पडताच तिथेच उभं राहून अक्षर न् अक्षर वाचावं, पासपोर्टशी ताडून बघावं. आणि मूळ कागद घरच्यांच्या कपाटात नको, मुलीच्या स्वतःच्या ताब्यात असू द्यावा.