विहिरीत युरिया उतरलाय की संडास, ते आधी तपासा

थोडं मोठं आहे, पण पिण्याच्या पाण्याचं आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

आपल्याकडे विहिरींच्या पाण्याचे रिपोर्ट आले की दरवर्षी तेच. नायट्रेट जास्त. लिटरला ४५ मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडलेली. मग बैठक होते, चहा होतो आणि निकाल लागतो: शेतकरी युरिया वारेमाप टाकतो. विषय संपला!

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो आणि घरची शेतीही बघतो. ४५ किलोची गोणी २६६ रुपयांना मिळते तेव्हा हात सैल सुटतो, हे मला कुणी सांगायला नको. पण आरोप केला की पुरावा द्यायचा, एवढंच म्हणणं आहे.

कारण नेहमीची चाचणी नायट्रेट किती ते सांगते, कुठून आलं ते नाही. युरियाचं नायट्रेट आणि संडासाच्या खड्ड्यातून झिरपलेलं नायट्रेट, किटमध्ये दोन्ही सारखीच. फरक असतो तो अणूच्या वजनात. हवेतल्या नायट्रोजनच्या दर २७३ अणूंत साधारण एक जड असतो, नायट्रोजन-१५. युरिया कारखान्यात हवेतल्याच नायट्रोजनपासून बनतो, म्हणून त्यातलं जड-हलक्याचं प्रमाण जवळपास हवेइतकंच. मलमूत्राचं तसं नाही. गोठ्यात शिरल्यावर नाकात जातो तो अमोनिया, आणि त्यात हलके अणू आधी उडतात. जड मागे राहतात. म्हणून मलमूत्रातून आलेल्या नायट्रेटमध्ये जड अणूंचं प्रमाण हवेपेक्षा बहुतेक वेळा हजारी १० ते २० ने जास्त भरतं. जमिनीतल्या कुजलेल्या सेंद्रिय नायट्रोजनचं या दोघांच्या मधे कुठेतरी.

आता कुणीतरी म्हणेलच की हे आकडे एकमेकांत मिसळतात. मिसळतात ना! १९७१ साली अमेरिकेत इलिनॉयमध्ये बॅरी कॉमनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच पद्धतीने सांगितलं की तिथल्या तलावातलं निम्म्याहून जास्त नायट्रेट खताचं आहे. मृदाशास्त्रज्ञ तुटून पडले: जमिनीचा स्वतःचा नायट्रोजन मधे येतो, हिशेब इतका सरळ नाही. आक्षेप रास्तच होता. शिवाय हवा न पोचणाऱ्या पाण्यात जिवाणू हलकं नायट्रेट आधी संपवतात आणि उरलेलं उगाच शेणखतासारखं दिसायला लागतं. म्हणून आता त्याच नमुन्यातल्या ऑक्सिजनचे समस्थानिकही मोजतात, क्लोराइड बघतात. तिथे निदान भांडण आकड्यांवर झालं. आपल्याकडे आकडाच नाही, थेट शिक्षा.

आणि सेंद्रियवाले मित्रांनो, तुम्हीही ऐका. विहिरीच्या काठाला शेणाचा उकिरडा ठेवून ‘आमचं सगळं नैसर्गिक’ म्हणायचं हे चालणार नाही. शेणातला नायट्रोजन जिवाणूंच्या हाती लागला की त्याचंही शेवटी नायट्रेटच होतं. आपल्या मातीखाली भेगाळलेला काळा पाषाण आहे. भेगेतून खाली जाणारं पाणी सर्टिफिकेट विचारत नाही. घरोघरी संडास झाले, फार चांगलं झालं. पण खड्डा विहिरीपासून किती फुटांवर खणला, हे कुणी मोजलं? गावाचं गटार ओढ्यात सोडलं ते कुणी सोडलं? हे प्रश्न पंचायतीला आणि नगरपालिकेला अडचणीचे आहेत. शेतकऱ्याला दोष देणं फुकटात पडतं.

चूक माणूस पकडला तर उपायही चुकीचा होतो. खड्डा गळत असेल आणि आपण युरिया निम्म्यावर आणला, तर पीक जाईल आणि पाणी तसंच राहील.

मागणी साधी आहे. पुढच्या ग्रामसभेत ठराव घ्या: वस्तीतल्या दोन, शेतातल्या दोन आणि ओढ्याकाठच्या एका विहिरीचे नमुने, पावसाळ्याआधी आणि नंतर, समस्थानिक चाचणीला पाठवा. हे परदेशी काम नाही. मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्र समस्थानिकांवरून पाण्याचा माग काढण्याचं काम कित्येक वर्षं करतंय, अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत नायट्रोजनचे समस्थानिक मोजतात. जिल्हा परिषदेने पत्र तरी लिहावं. ठरावाचा मसुदा मी करून देतो, सह्या तुम्ही गोळा करा.

तोवर एक लक्षात ठेवा. उकळून नायट्रेट जात नाही, पाणी आटतं आणि ते उलट दाट होतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची दूध पावडर त्या पाण्यात कालवू नका.