वहीचे रूप आणि वहीचा जीव

पुस्तकाला वेष्टन घालावे, वहीला समास आखावा, शीर्षकाखाली लाल रेघ ओढावी, ही विद्यार्थिदशेतील हौस जुनीच आहे. आता वही संगणकाच्या पडद्यावर आली, तशी ही हौसही तेथे पोहोचली. २०१४ साली सुरू झालेल्या ज्युपिटर प्रकल्पाच्या वहीत एका चौकटीत पायथन भाषेतील आज्ञा लिहावी, तिच्याखाली उत्तर उमटावे, आणि दुसऱ्या चौकटीत आपल्या भाषेत विवेचन करावे, अशी सोय आहे. ‘सेटिंग्ज’मधून ‘थीम’ बदलली की पांढरा पडदा काळा होतो. अक्षरेही लहानमोठी करता येतात.

हा सारा वेळेचा अपव्यय होय, असे काही वडीलधारी मंडळी म्हणतात. आम्हांस ते मान्य नाही. डोळ्यांना सोसेल असे रूप निवडणे ही चैन नव्हे. देवनागरीतील मात्रा, रफार व जोडाक्षरे बारीक टाइपात एकमेकांत मिसळतात. अक्षर मोठे करणे म्हणजे आपल्या लिपीस तिची जागा देणे होय. आमची मायबोली कोंकणी अनेक लिपींत लिहिली जाते. म्हणून लिपीच्या रूपाचे मोल आम्ही जाणतो.

परंतु एक गोष्ट विसरू नये. थीम आपल्याच संगणकावर राहते. वहीची फाईल दुसऱ्याकडे धाडली, की त्याला ती त्याच्या थीममध्ये दिसते. बरोबर जातात ती शीर्षके, विवेचन, आज्ञांचा क्रम आणि आलेख. काळ्या पडद्यास शोभावा म्हणून आलेखही काळा काढला, तर तो तसाच जातो आणि छापताना शाई खातो.

पांढुर्णा व सौंसर मिळून २०२३ साली नवा जिल्हा झाला. येथे कचेरीची भाषा हिंदी, पण अनेक घरांची मराठीच. समजा, एखाद्या विद्यार्थ्याने वडिलांच्या संत्राबागेतील आंबिया व मृग बहाराचे उत्पन्न वहीत मांडले. काय मोजले, कोणत्या मापाने, निष्कर्ष कोणता, हे मराठीत लिहिले असेल, तर वडील ती वही वाचतील, चूक दाखवतील, पुढल्या बहाराचा विचार करतील. एरवी ती वही कितीही रंगीत असो, त्यांच्यापुढे मुकीच राहील.

विद्यार्थिमित्रहो, वही अवश्य सजवा. पण रंग निवडण्यापूर्वी मराठीत एक स्वच्छ शीर्षक लिहा. रंग तुमच्यापुरता आहे. शीर्षक वाचणाऱ्यासाठी आहे.