‘मला चित्र येत नाही’ : आतल्या मास्तरांना रजा कशी द्यायची?



काही महिन्यांपूर्वी डहाणूजवळच्या एका चिकूच्या वाडीत राहणाऱ्या काकू तपासणीसाठी आल्या होत्या. (ओळख कळू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) त्यांना पॅरालिसिसचा सौम्य झटका येऊन गेला होता. पाय सुधारला होता, पण उजव्या हाताची पकड अजून कच्ची होती. फिजिओथेरपिस्टने त्यांना एक वही दिली होती. रोज वीस मिनिटं त्यात रेघा, गोल, त्रिकोण, जमेल ते काढायचं. तीन आठवड्यांनी मी वही मागितली तर पहिल्या पानावर दोन गोल आणि त्यांवर मोठी फुली. बाकी वही कोरी.

‘‘डॉक्टर, मला चित्र येत नाही हो. शाळेपासूनच नाही.’’

त्यांना चित्र कुणी मागितलंच नव्हतं. मेंदूचा काही भाग दुखावला की शेजारचे भाग हळूहळू ते काम शिकतात, पण त्यासाठी हात पुन्हा पुन्हा हलवावा लागतो. ती वही हे औषधच होतं, आणि काकूंनी ते वाकडं दिसतं म्हणून बंद केलं होतं. गोळी कडू लागते म्हणून बंद करणारे रुग्ण मला रोज भेटतात. पण हे प्रकरण वेगळं होतं. त्यांच्या डोक्यात पन्नास वर्षांपूर्वीचे एक मास्तर लाल पेन घेऊन अजून बसलेले होते.

हे मास्तर तुमच्याही डोक्यात असतील. माझ्या डोक्यात आहेत. माझ्या पाचवीतल्या गाईला वर्गात सगळ्यांसमोर ‘टेबल’ म्हटलं गेलं होतं. त्यानंतर कित्येक वर्षं मी शरीररचनेच्या आकृत्या सोडून काही काढलं नाही.

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. स्वतःवर टीका करणारा हा आतला आवाज म्हणजे आजार नव्हे. स्वतःच्या वागण्यावर लक्ष ठेवणं, चूक पकडणं, ‘लोक काय म्हणतील’ याचा अंदाज घेणं ही मेंदूची उपयोगाची कामं आहेत. ती नसती तर गाडी चालवणं आणि चारचौघांत बोलणं दोन्ही धोक्याचं झालं असतं. या कामांत कपाळामागच्या भागाचा मोठा वाटा असतो. 2008 साली चार्ल्स लिंब आणि अॅलन ब्रॉन या संशोधकांनी जॅझ संगीत वाजवणाऱ्या 6 पियानोवादकांचे मेंदू एमआरआयमध्ये तपासले. पाठ केलेली धून वाजवताना आणि उत्स्फूर्त वाजवताना काय फरक पडतो, हे त्यांना पाहायचं होतं. उत्स्फूर्त वाजवताना स्वतःवर देखरेख ठेवणाऱ्या बाजूच्या भागाचं काम मंदावलेलं दिसलं. माणसं फक्त सहा, त्यामुळे यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण एवढं समजतं की मास्तर कायमचे निवृत्त होत नसले तरी थोडा वेळ रजेवर जातात.

आता प्रश्न हा की त्यांना रजेवर पाठवायचं कसं?

‘मनाला येईल ते काढा, मोकळे व्हा’ हा सल्ला तुम्ही ऐकला असेल. मला तो अर्धवट वाटतो. कोरा कागद आणि पूर्ण स्वातंत्र्य दिलं की मास्तर उलट जास्त जागे होतात. आता काय काढू, कसं काढू, बरं दिसेल का, प्रत्येक पायरीवर त्यांना विचारावं लागतं. माझं हे मत पुस्तकातून आलेलं नाही. ते आपल्याच डहाणू-तलासरीच्या भिंतींकडे बघून आलं आहे.

वारली लग्नाचा चौक आठवा. कुडाची भिंत, त्यावर शेणामातीचं सारवण, वर गेरू. तांदळाच्या पिठाचं पाणी आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. चौक काढणाऱ्या सवासिणी. विधी पार पाडणारी धवलेरी गाणी म्हणते. चौकाच्या आत पालघट देवी. हे सगळं ठरलेलं असतं. आकार मोजकेच : गोल, त्रिकोण, चौकोन, रेघ. टोकाला टोक लावून दोन त्रिकोण ठेवले की माणसाचं धड झालं. काढणारी एकटी नसते. आणि चित्राला काम असतं, त्याशिवाय लग्न लागत नाही. तिथे प्रश्न ‘छान झालं का?’ हा नसून ‘चौक झाला का?’ हा असतो. अशा वेळी मास्तरांना विचारण्यासारखं फारसं काही उरतच नाही. हात चालत राहतो.

म्हणजे सहज काढता येण्यासाठी हवी असते ती चौकट, सोबत आणि कारण. प्रतिभेचा नंबर त्यानंतर लागतो.

गंजाडच्या कलंबीपाड्यावरचे जिव्या सोमा म्हसे (1934-2018) यांचं उदाहरण तर डॉक्टर म्हणून मला फार जवळचं वाटतं. लहानपणीच्या एका आघातानंतर त्यांचं बोलणं थांबलं होतं आणि ते धुळीत आकृत्या काढून आपलं म्हणणं सांगत, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. धुळीतली रेघ बरोबर आली की चूक, हे कोण ठरवणार? समोरच्याला समजली की झालं. पुढे भास्कर कुलकर्णी यांनी या भागात कागद आणि रंग आणले. चित्र काढणं हे तेव्हा बायकांचं काम समजलं जायचं. जिव्यांनी ते हातात घेतलं, लग्नाची वाट न बघता रोज घेतलं. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. पद्मश्री मोठी गोष्ट आहेच, पण माझं लक्ष त्या धुळीवर अडकतं.

(खंत एवढीच, की आता पाड्यावरच्या मुलीसुद्धा मला ‘आम्हांला नाही येत, ती अमकी चांगली काढते’ असं सांगतात. स्पर्धा आली, बक्षीस आलं, विक्री आली. पैसा यायलाच हवा, त्याबद्दल तक्रार नाही. पण पैशाबरोबर मास्तरही पाड्यावर आले.)

काकूंना मी काय सांगितलं ते तुम्हांलाही सांगतो. वही बंद केली. जुन्या खोक्याचा पुठ्ठा घ्या, त्याला गेरू लावा, तांदळाच्या पिठात पाणी आणि थोडा डिंक कालवा. काडी घ्या. पेन्सिल नको, खोडरबर तर नकोच. फक्त त्रिकोण, गोल आणि रेघ. चौक मात्र काढू नका, तो विधी आहे, त्याची जागा वेगळी. आज दिवसभरात जे पाहिलं ते काढा : वाडीत आलेला टेम्पो, विहिरीवरची बादली, कुंपणावरचा कावळा. एकट्या बसू नका, नातीला शेजारी घ्या. वीस मिनिटांनी थांबा. आणि कृपा करून फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकू नका. अंगठे मोजायला लागलात की मास्तर खुर्चीत परत.

‘आवाज आलाच तर?’ येणारच. त्याच्याशी भांडू नका, ‘हे वाकडं आहे’ म्हणाला तर ‘हो, आहे’ म्हणा आणि पुढचा त्रिकोण काढा. वाद घालण्यात हात थांबतो, आणि आपल्याला हात थांबवायचा नाही.

याने शरीराला काही फायदा होतो का? अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात 2016 साली 39 प्रौढांना 45 मिनिटं चित्र, माती, कातरकाम यांपैकी हवं ते करायला दिलं. साधारण 75 टक्के लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी संबंधित संप्रेरक, कमी झालेलं आढळलं. कलेचा सराव असलेले आणि नसलेले यांच्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, ही त्या अभ्यासाची मर्यादा. म्हणून मी याला उपचार म्हणत नाही. बीपीची गोळी बंद करून त्रिकोण काढत बसू नका.

एक महत्त्वाची सूचना. आतला आवाज फक्त चित्रापुरता बोलत असेल तर वरचे उपाय पुरेत. पण तो ‘मी कशाच्याच कामाचा नाही’ असं दिवसभर बोलत असेल, दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप, भूक, कामातलं मन उडालं असेल, तर ते नैराश्य असू शकतं. पक्षाघातानंतर ते बऱ्याच जणांना येतं आणि घरचे त्याला आळस समजतात. डॉक्टरांना दाखवा. जगणं नको असे विचार येत असतील तर आजच बोला. टेलि-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतून बोलता येतं.

काकू परवा येऊन गेल्या. पकड सुधारते आहे, बटणं लावता येतात. बैल काढला होता, तो बकरीसारखा झाला म्हणून नात हसली आणि मग दोघींनी त्याच्या शेजारी खऱ्या बकऱ्या काढल्या, असं सांगत होत्या. पुठ्ठा दाखवायला आणू का, असंही त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, पुठ्ठा घरीच असू द्या. पुढच्या वेळी बीपीची नोंदवही तेवढी विसरू नका.