मुळशीचे पाणी आणि आकाशातील उधारी

पावसाळ्यात ताम्हिणी घाटाकडे निघालेली पुण्याची कुटुंबे मुळशी जलाशयाच्या काठी थांबतात, भाजलेली कणसे खातात, छायाचित्रे काढतात आणि पुढे जातात. समोरचे पाणी शेवटी कोठे जाते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. मुळा नदीचे हे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेकडे वळविलेले आहे आणि सुमारे ५०० मीटर खाली, कोकणातील भिरा येथे, ते टाटांच्या वीजगृहात उतरते. हे वीजगृह १९२७ साली सुरू झाले. त्यापूर्वी १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळातील शेतकऱ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. जमिनी मात्र पाण्याखाली गेल्याच. उंचीला बाजारभाव असतो आणि तो कोणालातरी चुकता करावा लागतो, हे मुळशीइतके स्पष्ट थोड्याच ठिकाणी दिसते.

व्यापारी घरातील मुलाला हा भाव आकड्यांत सांगता येतो. एक लिटर पाणी ५०० मीटर खाली आले की सुमारे ४,९०० ज्यूल ऊर्जा मिळते. आता याच गुरुत्वाकर्षणाचा दुसरा व्यवहार पाहावा. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी ‘स्वयम्’ नावाचा सुमारे एक किलो वजनाचा उपग्रह तयार केला. २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेल्या पीएसएलव्ही-सी३४ या यानाने एकूण २० उपग्रह नेले, त्यांत तो होता. जमिनीपासून सुमारे ५०० किलोमीटरवर त्याला सेकंदाला ७.६ किलोमीटर वेग मिळाला. एक किलो वस्तूच्या अशा वेगात जवळजवळ २ कोटी ९० लाख ज्यूल ऊर्जा असते. मुळशीचे सुमारे सहा हजार लिटर पाणी भिऱ्याला उतरावे, तेव्हा कोठे एवढी ऊर्जा मिळेल! डब्याएवढ्या वस्तूमागे पाण्याचा लहानसा टँकर उभा आहे.

हे सारे केवळ वाचून मनात ठसत नाही. त्यासाठी कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पातील गुरुत्वाकर्षण आणि कक्षा यांवरील संगणकीय खेळ फार उपयोगी आहे. नोबेल पारितोषिकाचे मानकरी कार्ल वीमन यांनी २००२ साली हा प्रकल्प सुरू केला. तो विनामूल्य आहे आणि त्यातील अनेक प्रयोग मराठीतही उपलब्ध आहेत. मुले दिवसभर पडद्यासमोर बसतात, ही घरोघरची तक्रार खरीच आहे. परंतु या खेळाकडे आजोबांनीही अर्धा तास द्यावा. पृथ्वीभोवती अवकाशस्थानक फिरत असते. गुरुत्वाकर्षण बंद करावे, की ते सरळ रेषेत निघून जाते. पुन्हा आरंभ करून वेगाचा बाण किंचित लांबवावा, की वर्तुळाची लंबवर्तुळ कक्षा होते. बाण फारच आखूड केला, तर स्थानक पृथ्वीवर आदळते. स्थानकाचे वजन दुप्पट केले, तर मार्गात काहीच फरक पडत नाही, आणि येथे बहुतेक मोठी माणसे चकित होतात.

वेग किती वाढविला म्हणजे स्थानक पृथ्वीला कायमचे सोडून जाईल? दुप्पट, असे मूल म्हणेल. उत्तर आहे सुमारे ४१ टक्के अधिक. याचे कारण खातेवहीच्या भाषेत मांडता येते. पृथ्वीपासून अनंत अंतरावर असलेल्या वस्तूचे देणे शून्य मानावे. ‘स्वयम्’च्या उंचीवर प्रत्येक किलोमागे पृथ्वीचे देणे सुमारे ५ कोटी ८० लाख ज्यूल असते आणि वेगाच्या रूपाने हाती असलेली रक्कम बरोबर त्याच्या निम्मी. वर्तुळाकार कक्षेत हे प्रमाण कधीही बदलत नाही. म्हणजे सुटकेसाठी ऊर्जा दुप्पट हवी. आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे वेग दोनाच्या वर्गमूळाइतका, म्हणजे १.४१ पट, पुरतो.

याच खातेवहीत एक विलक्षण नोंद आढळते. ५०० किलोमीटरवरही हवेचा विरळ अंश असतो. त्याच्या घर्षणाने उपग्रह हळूहळू खाली येतो. पण खाली आल्यावर त्याचा वेग कमी होत नाही, वाढतो! ५०५ किलोमीटरवर सेकंदाला ७.६१, तर ४०० किलोमीटरवर ७.६७ किलोमीटर. खाली उतरताना देणे जेवढे वाढते, त्याच्या निम्मी भर वेगात पडते आणि उरलेली निम्मी हवेच्या घर्षणात खर्ची पडते. ज्यांनी कर्जप्रकरणे तपासली आहेत, त्यांना असे आणखीही काही ओळखीचे वाटेल: तोट्यात चाललेल्या पेढीची उलाढाल शेवटच्या वर्षात अनेकदा सर्वांत मोठी दिसते.

खेळाच्या मर्यादाही मुलांना सांगाव्यात. त्याच्या पहिल्या पडद्यावर गोलांचे आकार समजण्यासाठी फुगविलेले असतात. प्रमाणशीर चित्राचा पडदा वेगळा आहे आणि त्यात स्थानक शोधताना डोळे ताणावे लागतात. शिवाय त्या खेळात हवा नाही. म्हणून पडद्यावरचे स्थानक कितीही वेळ फिरत राहते. खऱ्या आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकाला मात्र सुमारे ४०० किलोमीटरवर टिकून राहण्यासाठी अधूनमधून इंजिन चालवून वर ढकलावे लागते. त्यासाठी लागणारे इंधन पृथ्वीवरूनच न्यावे लागते.