विश्लेषण : घरीच शाळा भरली, तर शाळेचा दाखला कोण देणार?

मूल शाळेत पाठवले नाही, तर पालकाला दरमहा एक रुपया दंड. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, तेव्हा करवीर संस्थानात हा नियम होता. त्या काळी एक रुपया म्हणजे कष्टकरी घराला चांगलाच चटका. आज त्याच कोल्हापुरात एखाद्या शिकल्यासवरल्या कुटुंबाने ‘मुलांना शाळेत घालायचे नाही, घरीच शिकवायचे’ असे ठरवले, तर त्यांना दंड करणारे कलम शिक्षण हक्क कायद्यात नाही. पण त्या मुलाची नोंद घेणारा रकानाही कुठल्या सरकारी नोंदवहीत नाही. होमस्कूलिंगचा खरा पेच या रिकाम्या रकान्यात आहे.

देशात घरी शिकवणाऱ्या कुटुंबांची संख्या तशी थोडी. त्यातला एक लहान, पण शिस्तीचा गट ख्रिस्ती कुटुंबांचा आहे. ‘धर्मासाठी मुलांना कोंडून ठेवतात’ असा शेरा त्यांच्यावर पटकन मारला जातो. त्याआधी या घरांतला दिवस कसा जातो, ते पाहायला हवे.

घंटा नाही, पण वेळापत्रक आहे

दिवस सुरू होतो कौटुंबिक प्रार्थनेने. मराठी ख्रिस्ती घर असेल तर ‘उपासना संगीत’मधले एखादे गीत, बायबलमधला एक उतारा, त्यावर मुलांना दोन-चार प्रश्न. नीतिसूत्रांच्या पुस्तकात ३१ अध्याय आहेत. म्हणून महिन्याच्या तारखेप्रमाणे रोज एक अध्याय वाचायचा, ही अनेक ख्रिस्ती घरांतली सवय. आज १२ तारीख, तर बारावा अध्याय. धार्मिक शिक्षण म्हणून याकडे पाहता येईल; पण वाचन, पाठांतर आणि ऐकलेले समजून उत्तर देणे हा भाषेचा तासही यातच होऊन जातो.

मग गणित आणि भाषा. वर्गात ४०-५० मुलांची हजेरी, वह्या तपासणे, रांगा लावणे यात जाणारा वेळ घरी वाचतो. त्यामुळे प्राथमिक वयाच्या मुलाचा अभ्यास बहुतेक वेळा जेवणाआधीच उरकतो. सहा आणि अकरा वर्षांची भावंडे इतिहासाची एकच गोष्ट एकत्र ऐकतात. लहान चित्र काढते, मोठे अर्धे पान लिहिते. गणित मात्र ज्याचे त्याचे.

या घरांमध्ये एक नाव वारंवार ऐकू येते, ते शार्लट मेसन (१८४२-१९२३) या ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ बाईंचे. त्यांची पद्धत साधी : धडे छोटे ठेवा, रुक्ष पाठ्यपुस्तकापेक्षा जिवंत भाषेतले चांगले पुस्तक द्या आणि वाचून झाले की मुलाला ते स्वतःच्या शब्दांत सांगू द्या. दुपारी बाहेर पडा, जे दिसेल ते वहीत काढा. कोल्हापुरात या पद्धतीला साहित्याची कमतरता पडू नये. रंकाळ्यावरचे पक्षी, पन्हाळ्याची तटबंदी, टाऊन हॉलचे वस्तुसंग्रहालय आणि १८५० पासून चालत आलेले करवीर नगर वाचन मंदिर. अडचण एवढीच, की मंगळवारी सकाळी ११ वाजता रंकाळ्यावर वही घेऊन बसलेल्या मुलाला येणारा-जाणारा विचारणारच, ‘शाळा नाही का रे आज?’

दुसरी पद्धत छापील संचांची. ‘अ‍ॅक्सिलरेटेड ख्रिश्चन एज्युकेशन’ या अमेरिकी अभ्यासक्रमात प्रत्येक विषयाच्या वर्षाला १२ पुस्तिका असतात. आज किती पाने करायची ते मूल स्वतः ठरवते, उत्तरेही स्वतःच ताडून पाहते. स्वयंशिस्त लागते, हे खरे. पण मूळ अमेरिकी पुस्तके जशीच्या तशी वापरली, तर मूल डॉलर-सेंटची गणिते सोडवते आणि शाहू महाराजांच्या आधी अमेरिकेत उतरलेल्या यात्रेकरूंची गोष्ट शिकते. यातली विज्ञानाची पुस्तके उत्क्रांतिवाद नाकारतात, तो मुद्दा पुढे येईलच.

‘आई-वडील शिकवतात’ असे म्हणायची पद्धत असली, तरी बहुतेक घरांत शिकवते ती आई. स्वयंपाक, धुणीभांडी आणि तीन इयत्तांचा अभ्यास एकाच ओट्याभोवती चालतो. तिने सोडलेल्या नोकरीचा हिशेब होमस्कूलिंगच्या कौतुकात क्वचितच दिसतो. वाचलेली फी सगळ्यांना दिसते, बुडालेला पगार दिसत नाही.

मूल मिसळणार कसे, हा नेहमीचा प्रश्न. रविवारची शाळा, चर्चचे गायनवृंद, नाताळची नाटके, सुट्टीतले बायबल वर्ग यात या मुलांना सवंगडी मिळतात. मात्र ते बहुतेक एकाच मंडळीतले. पेठेतल्या तालमीच्या मैदानावर फुटबॉल खेळायला गेले, तर सगळ्या जातिधर्मांची पोरे भेटतात. तिथे बोनाफाईड कोणी मागत नाही. शालेय स्पर्धांना मात्र लागतेच.

मिशनची ओळख तर शाळेचीच

यात एक विरोधाभास आहे. कोल्हापुरात ख्रिस्ती समाजाची ओळखच शाळांमुळे झाली. अमेरिकी मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ मध्ये इथे आले आणि उपदेशाबरोबर त्यांनी शाळाही काढल्या. वायल्डर मेमोरियल चर्च आजही त्यांचे नाव सांगते. आयर्विन ख्रिश्चन आणि एस्तर पॅटन या हायस्कुलांतून शिकलेले सर्व धर्मांचे कोल्हापूरकर घराघरांत सापडतील. मग त्याच परंपरेतल्या कुटुंबाला मूल घरी का ठेवावेसे वाटावे?

या चळवळीचे आजचे रूप अमेरिकेतून आले आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६२ आणि १९६३ च्या निकालांनी सरकारी शाळांतली अधिकृत प्रार्थना आणि बायबल वाचन बंद केले. पुढच्या दोन-तीन दशकांत अनेक ख्रिस्ती पालकांनी मुले शाळेतून काढली. १९९३ पर्यंत सर्व ५० राज्यांत घरी शिकवणे कायदेशीर झाले होते. त्यांचा धार्मिक आधार बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाचा सहावा अध्याय. घरी बसताना, वाटेने चालताना मुलांना शिकवत राहा, असा त्याचा आशय.

भारतात ती परिस्थिती नाही. इथे राज्यघटनेच्या कलम ३० नुसार अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा चालवता येतात आणि त्या चालतातही. त्यामुळे भारतीय ख्रिस्ती पालकांच्या निर्णयात श्रद्धा असली, तरी सोबत क्लासची धावपळ, गुणांची शर्यत, सतत बदलीचे सेवाकार्य अशी इतरांसारखीच कारणे मिसळलेली असतात. अमेरिकी चळवळीची भाषा उचलली, तरी इथला प्रश्न वेगळा आहे.

मराठी ख्रिस्ती इतिहासातले घरच्या शिक्षणाचे सर्वात ठळक उदाहरण पंडिता रमाबाईंचे. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी विरोध पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले आणि त्या आईने मुलीला. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या रमाबाईंना १८७८ मध्ये कोलकात्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८३ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मात्र १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी काढले ते विधवा आणि मुलींसाठी शारदा सदन, म्हणजे घराबाहेरची शाळा. डोंगऱ्यांचे घर प्रत्येक मुलीच्या वाट्याला येत नाही, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार!

कायदा नेमका काय सांगतो?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातल्या कलम १० नुसार मुलाला नजीकच्या शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य आहे. पण ते न पाळल्यास शिक्षा सांगितलेली नाही. कलम ८ मध्ये ‘सक्ती’चा अर्थ दिला आहे, त्यात सक्ती सरकारवर आहे, पालकावर नाही. राज्यघटनेतले कलम ५१अ (ट) तर पालकाला ६ ते १४ वर्षांच्या मुलाला शिक्षणाची संधी द्यायला सांगते. शाळा हा शब्द तिथे नाही. म्हणून होमस्कूलिंग गुन्हा नाही आणि मान्यताप्राप्तही नाही. चार-पाच कुटुंबांनी मिळून रोज वर्ग भरवायला सुरुवात केली, तर मात्र सांभाळावे. ती विनामान्यता शाळा ठरली, तर कलम १८ खाली एक लाखापर्यंत दंड आहे आणि त्यानंतरही चालू ठेवली, तर दिवसाला दहा हजार.

परतीचा दरवाजा उघडा आहे, हे कमी पालकांना माहीत असते. कलम ४ नुसार शाळेत कधीच न गेलेल्या मुलालाही वयानुसार योग्य वर्गात प्रवेश मिळतो.

अडते कुठे?

अडते ते कागदावर. महाराष्ट्रात शाळा सोडल्याचा दाखला हे केवळ शिक्षणाचे कागदपत्र नाही. जन्मतारीख, जन्मस्थळ, जात यांच्या पुराव्यासाठी कचेरीत पहिल्यांदा तोच मागतात. स्कॉलरशिप परीक्षेचा अर्ज शाळेमार्फत जातो. दहावीला बाहेरून बसायचे, तर १७ नंबरच्या फॉर्मसोबत शाळा सोडल्याचा दाखला लागतो. शाळाबाह्य मुलांचे सर्वेक्षण करणारे शिक्षक दारात आले, तर रोज चार तास अभ्यास करणारे हे मूल आणि वीटभट्टीवर राबणारे मूल त्यांच्या तक्त्यात एकाच ओळीत बसते.

मोकळी वाट आहे ती राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची, म्हणजे ‘एनआयओएस’ची. तिसरी, पाचवी आणि आठवीला समकक्ष अशा ए, बी, सी पातळ्या तिथे आहेत. वयाची १४ वर्षे पूर्ण झाली की दहावीला नाव नोंदवता येते. आधीचा दाखला नसला, तरी स्वयंघोषणा चालते. राज्याचे स्वतःचे मुक्त विद्यालय मंडळही पाचवी आणि आठवीच्या परीक्षा घेते.

कागद नसल्याची किंमत हुशार मुलालाही चुकत नाही. मुंबईच्या मालविका जोशीने सातवीत शाळा सोडली, माहिती तंत्रज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये तीन पदके मिळवली आणि २०१६ मध्ये तिला अमेरिकेच्या एमआयटीने प्रवेश दिला. आपल्या आयआयटीचे दार मात्र बंद होते, कारण तिच्याकडे बारावीचे प्रमाणपत्र नव्हते. हे उदाहरण होमस्कूलिंगच्या यशासाठी फार वापरले जाते. पण ऑलिम्पियाडची पदके सगळ्यांना मिळत नाहीत. बाकीच्यांना प्रमाणपत्रच लागते.

निवड पालकांची, हक्क मुलाचा

निर्णय आई-वडील घेतात, त्याचा हिशेब चुकता करावा लागतो तो १४-१५ वर्षांच्या मुलाला. म्हणून बंदी नको आणि आजचा कानाडोळाही नको. बंदीची वाट जर्मनीने धरली आहे. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००६ मध्ये त्याविरुद्धची ख्रिस्ती पालकांची तक्रार फेटाळली. अमेरिकेत टेक्सास सरकार पालकांना काही विचारतच नाही. याउलट न्यूयॉर्कमध्ये वर्षाचा आराखडा, तिमाही अहवाल आणि वार्षिक मूल्यमापन द्यावे लागते. आपल्याला न्यूयॉर्कच्या जवळपासचे काही जमेल. महापालिकेच्या प्राथमिक शिक्षण समितीकडे किंवा तालुक्यात गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे एका पानाची नोंद, मुलाला एक क्रमांक आणि वर्षातून एकदा केंद्रप्रमुखांची भेट. मूल वयाप्रमाणे वाचते का, लिहिते का, हिशेब करते का आणि ते आनंदात आहे का, एवढे पाहायचे.

यावर पालकांचा, विशेषतः अल्पसंख्याक पालकांचा आक्षेप असेल, की शिक्षण तपासायला आलेला माणूस श्रद्धा तपासू लागेल. ही भीती निराधार नाही. म्हणूनच सकाळच्या प्रार्थनेत काय वाचले जाते, हा प्रश्न भेटीत येताच कामा नये. पण त्याच न्यायाने पालकांनीही एक मान्य करावे. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग २ चा पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ आहे. घरात त्यावर काहीही मत असो, तो धडा मुलापासून लपवता येणार नाही. मत बनवायला आधी धडा वाचावा लागतो.

अशी नोंद सुरू होईपर्यंत घरी शिकवणाऱ्यांनी निदान एवढे हाताशी ठेवावे : महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आई-वडिलांचे जुने शालेय दाखले, तारीख टाकलेल्या वह्या आणि बारा-तेराव्या वर्षापासून दहावीच्या अर्जाची तयारी. आठवी समकक्ष परीक्षा सक्तीची नसली, तरी मुलाला ती देऊ द्यावी. घराबाहेरच्या माणसाने सही केलेला तो त्याचा पहिला कागद असेल.