आधी बिअर करा, कारखाना नंतर

तर मंडळी, स्पष्टच सांगतो. घरी ऑल-ग्रेन बिअर करायला हजार डॉलरचं सामान लागतं ही शुद्ध थाप आहे. आणि थाप विकणाऱ्यांपेक्षा माझा राग ती आनंदाने विकत घेणाऱ्या आपल्या आयटीवाल्या जमातीवर जास्त आहे.

आपलं कसं असतं बघा. फोटोग्राफी शिकायची तर आधी तीन लेन्स. ट्रेकला जायचं तर आधी महागडे बूट. तसंच हे. इकडे अमेरिकेत एखाद्याला शुक्रवारी रात्री वाटतं की माल्ट एक्स्ट्रॅक्टचा तयार पाक पुरे झाला, आता खऱ्या दाण्यापासून बिअर करू. सोमवारी ऑर्डर काय, तर स्टीलची तीन पिंपं, दोन पंप, डिजिटल कंट्रोलर आणि दाणे भरडायची गिरणी! दोन बॅच होतात, मग धुण्याचा कंटाळा येतो आणि सगळं गराजमध्ये ट्रेडमिलशेजारी जाऊन बसतं. याचं एक वेळ सोडा. पण नुकता नोकरीला लागलेला, खरंच शिकू पाहणारा पोरगा ही यादी बघूनच गप्प बसतो. माझा खरा आक्षेप तिथे आहे.

अहो, मॅश म्हणजे काय? मोड आणून वाळवलेले जव भरडायचे आणि ६५ ते ६८ अंश सेल्सियसला तासभर पाण्यात ठेवायचे. दाण्यातली एन्झाइम्स स्टार्चची साखर करतात. त्यांना भांड्याचा ब्रँड कळत नाही, तापमान मात्र बरोब्बर कळतं.

ऑस्ट्रेलियातल्या हौशी लोकांनी यावर झकास तोडगा काढला: ब्रू इन अ बॅग. एकच पातेलं, आत जाळीदार कापडाची पिशवी, पिशवीत दाणे. तास झाला की पिशवी उचलायची आणि निथळू द्यायची. श्रीखंडासाठी चक्का टांगतात, डिट्टो तसंच! मग त्याच पातेल्यात हॉप्स टाकून तासभर उकळी.

मग लागतं काय? पाच गॅलनचं (१९ लिटर) पातेलं, पिशवी, चांगला थर्मामीटर, हायड्रोमीटर, झाकणाची प्लॅस्टिकची बादली आणि एअरलॉक, सायफनची नळी, सॅनिटायझर, बाटल्यांना बूच लावायचं यंत्र. संपली यादी. दाणे दुकानदार भरडून देतो. गार करायला सिंकमध्ये बर्फ.

पाच गॅलनची बॅच घरच्या शेगडीवर नीट उकळत नाही, हे खरं. मग अडीच गॅलनची करा ना! प्रोपेनचा बर्नर नको, घरात कार्बन मोनॉक्साइडची भीती नको. शिवाय बिअर लवकर संपते, म्हणजे पुढची बॅच लवकर. शॉर्ट इटरेशन्स हो, हापिसात रोज ऐकता की!

"पण एफिशियन्सी?" हा प्रश्न येणारच. पिशवीत साखर थोडी कमी उतरली तर मूठ-दोन मूठ दाणे जास्त घाला. त्यासाठी पंप घेणं म्हणजे प्रोग्रॅम लिहायच्या आधीच ऑप्टिमाइझ करणं.

खर्च करायचाच तर थर्मामीटरवर करा आणि आंबवतानाचं तापमान सांभाळण्यावर. यीस्ट स्वतःही उष्णता सोडतं. एल १८ ते २० अंशांच्या आसपास ठेवली नाही, तर तिखट, सॉल्व्हंटसारखी चव येते, मग पिंपं सोन्याची का असेनात. गार पाण्याच्या टबात बादली आणि बर्फाच्या दोन बाटल्या, एवढ्यावर हे काम भागतं. हायड्रोमीटरवर मात्र कंजुषी नको. आंबणं पूर्ण व्हायच्या आत बाटल्या भरल्या तर त्या फुटतात, राव.

इकडे १९७८ च्या कायद्याने घरगुती बिअरला केंद्रीय पातळीवर मोकळीक मिळाली. मिसिसिपी आणि अलाबामा २०१३ पर्यंत अडून बसली होती. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी मात्र फक्त वाचावं. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे.

असो. आधी पिशवीत पाच बॅच करा. सहाव्या वेळी नेमकं काय अडतंय ते तुमचं तुम्हालाच कळेल, तेवढंच विकत घ्या. आणि काहीच अडत नसेल तर उरलेल्या पैशांचे दाणे आणा!